पाणटिवळ्याची पाठवणी

आमच्या मंगळवेढ्यात निवृत्त माणसं प्रवासाला निघाली की काशीला जातात, नाहीतर केरळला. मी पनवेलला जाऊन आलो. "कुठं गेला होता डॉक्टर?" असं कुणी विचारलं आणि मी "पनवेल" म्हणालो, की समोरचा माणूस पुढच्या गावाचं नाव ऐकायला तसाच थांबून राहतो. पनवेल म्हणजे गाडी थांबते, चहा प्यायचा, पाय मोकळे करायचे, एवढंच आपल्या लोकांच्या डोक्यात. माझ्याही होतं. लेकीकडे चार दिवस राहायचं म्हणून गेलो आणि बारा दिवसांनी परत आलो. त्या बारा दिवसांचा हा हिशेब, इथं बसून मला हसणाऱ्या सगळ्यांसाठी.

तारखा मुद्दाम लिहीत नाही. तिकडे पाचव्या दिवसापासून मी तिथीवर चालायला लागलो, तेव्हा लिहितानाही तिथीच लिहिलेली बरी.

फाल्गुन शुद्ध नवमी

पनवेलजवळ कळंबोलीला उतरलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. सायली, माझी लेक, स्कूटर घेऊन आली होती. जावई कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे घरात आम्ही दोघंच असणार होतो. बॅग पायाशी आणि शेंगाचटणीचा डबा मांडीवर अशी माझी वरात लोखंड बाजारातून निघाली. दोन्ही बाजूला सळ्यांचे भारे, पत्र्यांची बंडलं, आणि एकामागे एक उभे ट्रक. एका वळणावर सायलीने स्कूटर थांबवली. "बाबा, वर बघा."

वर विजेच्या तारा होत्या आणि तारांवर काळ्या मण्यांच्या माळा ओवल्यासारखं काहीतरी. नीट बघितलं तर पाखरं. भिंगऱ्या! एका तारेवर शेकडो, अशा कितीतरी तारा, आणि अजून आभाळातून येतच होत्या. आलेली बसायची, बसलेल्या जरा सरकून जागा करायच्या. आपल्या एसटीत एवढं सरकून कुणी जागा देत नाही.

"उत्तरेतून येतात, थंडीपुरत्या," सायली म्हणाली. "दिवसभर खाडीवर, शेतांवर किडे खातात आणि झोपायला इथं."

एवढं हिरवंगार कोकण सोडून लोखंड बाजारात झोपायचं! पण विचार केला तर त्यांचंही बरोबर होतं. खाली रात्रभर दिव्यांचा उजेड, माणसांची वर्दळ. साप वर चढत नाही, घुबड फिरकत नाही. खाली एका ट्रकवाल्याने काचेवर वर्तमानपत्र पसरून चार दगड ठेवले होते. पाखरांवर त्याचा राग दिसला नाही. उद्या सकाळी काच धुवावी लागू नये, एवढीच त्याची काळजी.

मला आमची ज्वारी आठवली. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे उतरायचे. त्याही लांबून आलेल्या, हिवाळ्याच्या पाहुण्याच. आम्ही माळ्यावर उभं राहून गोफणीने त्यांचं स्वागत करायचो. जन्मभर पाहुण्या पाखरांशी माझं नातं दगडाचं होतं, हे मी कबूल करून टाकतो. पुढची हकिकत वाचताना ते लक्षात असू द्या.

दशमी

सायलीच्या सोसायटीच्या फाटकाशी आठवड्यातून दोनदा हिराबाई मासे घेऊन येतात. साठीच्या, ठेंगण्या, कासोट्याचं लुगडं नेसलेल्या, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला फोन करावा लागत नाही. सायली कोळंबी घेत होती, मी मागे उभा होतो. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ताई, हेच काय तुमचे बाबा? जनावरांचे डॉक्टर?"

"हो, मावशी."

"मंग बरं झालं. दादा, एक पेशंट हाय. घरी ठेवलाय. बगाल काय?"

"गाय की म्हैस?" मी विचारलं. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही.

"पाखरू हाय," त्यांनी दोन्ही हात एका वितीवर धरले. "पायाला जालं लागलंय."

मी आयुष्यात कोंबड्यांना लस टोचलेली. त्यापलीकडे पक्ष्यांशी माझा संबंध भोरड्यांचा. पण "बगाल काय" असं कुणी तोंडावर विचारलं की डॉक्टरला नाही म्हणता येत नाही.

दुपारी सायलीच्या गाडीतून निघालो. जासईच्या रस्त्याला कंटेनर असे एकावर एक रचलेले की रंगीत किल्ल्याच्या तटातून चाललोय असं वाटावं. ट्रेलरची रांग संपता संपत नव्हती. मग एका ठिकाणी गाडी वळली आणि एकदम वारा खारा झाला. खाडीकाठच्या त्या गावाचं नाव मी देत नाही. पाखरांच्या जागेचा पत्ता छापू नये असं सायलीचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

हिराबाईंच्या ओटीवर माशाची पाटी पालथी घातलेली होती, वर दगड. त्यांनी पाटी उचलली. खाली एका कोपऱ्यात एका पायावर उभा होता तो. अंग तितराएवढं, पण पाय उंच आणि चोच अर्ध्या वितीएवढी लांब, सरळ, मुळाशी गुलाबी. सायलीने मोबाईलवर चित्र शोधून दाखवलं: पाणटिवळा. थंडी काढायला हिमालयापलीकडून आपल्या चिखलात येणारा.

"आमी पावनाच म्हनतो," हिराबाई म्हणाल्या.

तो सापडला होता त्यांच्या यजमानांच्या, धर्मादादांच्या, जाळ्यात. धर्मादादा दाराशी बसून नवं जाळं विणत होते. बोलणं जेमतेम. पाखराचा पाय गुंतला तेव्हा त्यांनी जाळं कापून त्याला काढलं, असं हिराबाईंनीच सांगितलं. पण एक बारीक नायलॉनचा दोरा बोटांच्या वर तसाच रुतून राहिला होता. पाय सुजलेला, एक बोट काळं पडलेलं.

सायलीच्या भुवयांच्या कात्रीने मी तो दोरा कापला. पाखराची छाती बोटांनी चाचपली. गुरांच्या बरगड्या चाचपून पोषण सांगायची सवय, तसंच हेही. मधलं हाड धारेसारखं हाताला लागत होतं. म्हणजे अंगावर काहीच नाही. "हे महिन्याभरात हजारो मैल उडणार आहे," सायली म्हणाली. "जाण्याआधी हे पक्षी खाऊन खाऊन लठ्ठ होतात. ती चरबीच त्यांचं पेट्रोल."

"कवा निघतात?" मी हिराबाईंना विचारलं. बोलता बोलता माझीही जीभ वळली होती.

"होलीचं उधान झालं की. मंग एकेक टोली जाते."

म्हणजे हातात पाच-सात दिवस, फार तर दहा.

सायलीने वनखात्याला फोन लावला. रानातलं पाखरू घरात ठेवलं तर कळवायचं असतं, हे मी नोकरीत लोकांना बजावत आलो होतो. संध्याकाळी एक तरुण वनरक्षक येऊन बघून गेला. "तुम्ही डॉक्टर आहात, पाय बरा होईपर्यंत तुम्हीच बघा. रोज फोटो पाठवा आणि सोडताना सांगा," असं म्हणून त्याने माझ्या गळ्यात जबाबदारीची माळ घातली.

आणि मग मी ती चूक केली. जखमेवर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावायला सांगितली. गाईच्या खुराला, म्हशीच्या शिंगाला, बैलाच्या खांद्याला मी आयुष्यभर तेच सांगितलेलं. हिराबाईंनाही ते एकदम पसंत. "बरोबर हाय! होडीला पन आमी तेलच लावतो. पानी शिरत नाय." दोघांच्या शहाणपणाची अशी बेरीज झाली आणि आम्ही पाखराला पायापासून पोटापर्यंत छान माखून ठेवलं.

एकादशी

सकाळी हिराबाईंचा फोन आला. "दादा, पावना थरथरतोय."

जाऊन बघितलं. त्यांनी मायेने घमेल्यात खाडीचा चिखल आणि पाणी भरून त्याला त्यात उभं केलं होतं. पाठीवरून पाणी ओघळून जात होतं, पण पोटाची पिसं चिकटून काड्या झाल्या होत्या आणि आत कातडीपर्यंत ओल. कॉलेजात वाचलेलं एक पान चाळीस वर्षांनी डोळ्यासमोर आलं. पक्ष्याची पिसं एकमेकांत अडकून छत्रीसारखी असतात. त्यावर बाहेरचं तेल पडलं की छत्रीला भोक पडतं. गाईला जे औषध, ते याला मरण. थंडीतून वाचायला हिमालय ओलांडून आलेलं पाखरू, आणि मी त्याला पनवेलच्या उन्हाळ्यात गारठवलं होतं.

"हिराबाई, ही माझी चूक," मी म्हणालो. मान वर करून म्हणणं जड गेलं, पण म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचा पयलाच पावना ना?"

"हो."

"आमचा पन. आता काय करायचं ते सांगा."

मग त्यांच्या स्वयंपाकघरात आमचा कारखाना लागला. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. हिराबाईंनी पाखरू धरलं, डोळ्यांवर पदराचं टोक टाकलं, म्हणजे ते शांत राहतं. मासे धरून धरून त्यांच्या हाताला किती दाबायचं हे नेमकं कळतं. मी एकेक पीस मुळाकडून टोकाकडे धुतलं. साबण एकदा, साधं पाणी तीनदा. धर्मादादा पाणी तापवून देत होते. सायली ऑफिसची मीटिंग कानात घालून टॉवेल धरून उभी. शेवटी पाखराला पिवळ्या बल्बखाली ठेवलं. तेल गेलं, पण हळद कसली जाते! पोटावर पिवळा डाग राहिला तो राहिलाच. हळद लागलेला पाहुणा.

"आता?" सायलीने विचारलं.

"आता त्यानंच चोचीनं पिसं विंचरून बसवायची. पोटावर टाकलेला पाण्याचा थेंब घरंगळून गेला, तरच सोडायचं."

त्या दुपारी बल्बखाली बसलेल्या पाखराकडे बघत हिराबाईंनी विचारलं, "दादा, हे जातात कुठं?"

मी सांगितलं. पार रशियाच्या गवताळ मुलखात. आपल्याकडे पाऊस लागतो तेव्हा तिकडे यांची पिल्लं होतात. मग तिकडे बर्फ पडायच्या आधी परत इकडे.

त्यांनी पाखराजवळचा बल्ब जरा सरकवला. "म्हंजे जन्म तिकडला. माहेर तिकडं. आमची खाडी सासर."

"तसंच म्हणायचं."

"आनि सासरी पायात जालं अडकलं." त्या धर्मादादांकडे बघून म्हणाल्या, "तिकडं जाऊन सांगील ना सगल्यांना, त्या खाडीत नका जाऊ बाय! नाव जाईल आमचं."

त्या हसत होत्या, पण ते नुसतं हसण्यावारी नव्हतं. पाखरू त्यांच्या घरच्या जाळ्यात अडकलं होतं. ते त्याच्या माणसांबरोबर गेलं पाहिजे, हा त्यांनी स्वतःशी केलेला करार होता. तेल लावल्यावर त्या करारात मीही आलो.

सायली घरी परतताना म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे आला आहात की पाणटिवळ्याकडे?"

त्रयोदशी

दोन दिवस थेंब पोटाच्या पिसांत मुरत होता. पाखरू मात्र खायला लागलं होतं. हिराबाई रोज ओहोटीला जाऊन ताजा चिखल आणायच्या, त्यात बारीक शिंपले आणि किडे. पाखरू घमेल्यात चोच मुळापर्यंत खुपसायचं आणि शिलाई मशीनसारखं टाके घालत पुढे सरकायचं. काळं पडलेलं बोट गळून गेलं, पण पाय टेकायला लागला. मासळीच्या काट्यावर रोज त्याचं वजन व्हायचं आणि काटा थोडा पुढे गेला की हिराबाई शेजारच्या बायकांना हाका मारून दाखवायच्या.

सोडायची जागा हेरून ठेवावी म्हणून मी भल्या पहाटे उठलो. पाखरं बघायची तर सूर्याबरोबर, हे आमच्याकडचं शास्त्र. तळ्यावर तसंच करतात. सायली झोपलेली होती. रिक्षा ठरवून एकटाच गेलो. उजाडताना खाडीवर पोचलो तर पाखरं दूर, पार क्षितिजाशी, राईएवढी. मधे नुसता चकचकीत चिखल. चिखल मला नवा नाही. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात बैल रुततात आणि मी ते काढलेत. चार पावलं टाकली. पाचव्याला गुडघा गेला. सहाव्याला मांडी. आमच्या चिखलाला तळ असतो, खाडीच्या चिखलाला नाही, हे ज्ञान मला तिथे उभ्या उभ्या झालं.

तेवढ्यात पाणी यायला लागलं. आवाज नाही, लाट नाही, फक्त समोरची चकाकी हळूहळू जवळ येतेय. मी "अहो!" अशी हाक मारली. आता सांगतो, ती हाक बरीच घाबरलेली होती.

धर्मादादा बांधावरून आले. हातात लांब फळी. त्यांनी ती चिखलावर सरकवली आणि चार दिवसांतलं त्यांचं सगळ्यात मोठं भाषण केलं. "आडवं व्हा डॉक्टर. पोटावर. उबा माणूस रुततो, आडवा तरंगतो." निवृत्त पशुधन विकास अधिकारी पोटावर आडवा झाला आणि म्हशीच्या पारडासारखा सरपटत बाहेर आला. उजवी चप्पल खाडीने ठेवून घेतली.

हिराबाई हसून हसून ओटीवर बसल्या. "तुमाला पाखरं सूर्यावर चालतात असं कोनी सांगितलं? ती पान्यावर चालतात. आज तेरस ना? तेराचं पाऊन करा."

हेच त्यांचं घड्याळ. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचं पाऊण करायचं, की भरतीची वेळ. तेराचं पाऊण पावणेदहा. तोवर सायली मला शोधत येऊन पोचली होती. तिच्या मोबाईलवरची वेळ बघितली तर थोडाच फरक. पावणेदहाला आम्ही बांधावर उभे राहिलो. पाण्याने सगळा चिखल गिळला आणि दूर राईएवढी दिसणारी पाखरं थव्याथव्याने आमच्याकडे सरकत आली. ढकलली गेली म्हणा ना. बांधाच्या पलीकडच्या टोकाला शेकडो पाणटिवळे एका पायावर उभे, चोची पाठीत खुपसलेल्या, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. त्यांच्या पायांत चिखल्या, तुतवार असल्या चिमुकल्या पाखरांची गर्दी. असं दृश्य बघायला मी जन्मभर पनवेलवरून पुढे निघून जात होतो!

जेवायला हिराबाईंनी तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण वाढलं. मी मटण खाणारा माणूस, पण माशाच्या काट्याला भितो. "निवट्या म्हंजे चिखलातला मासा," त्या म्हणाल्या. "तुमी रुतला ना, तिथं हा उड्या मारतो." मी दोनदा मागून घेतलं. माझ्या शेंगाचटणीने त्यांच्याकडे तेवढाच मान मिळवला. धर्मादादांनी ती भाकरीबरोबर खाल्ली आणि डबा स्वतःच्या बाजूला सरकवला.

पौर्णिमा

चतुर्दशीला संध्याकाळी थेंब घरंगळला. पोटावरून, पिवळ्या डागावरून, मोत्यासारखा खाली. आम्ही तिघांनी तो तीन-तीनदा टाकून बघितला, इतका की पाखरूच वैतागलं.

होळीच्या दिवशी गाव उलटंपालटं झालं होतं. पोरं होळीचा उंच सोट उभा करत होती, बायका नटून निघाल्या होत्या, होड्यांना पताका. घरोघरी पुरणाचा वास. तेवढा मात्र अगदी मंगळवेढ्यासारखा. वनरक्षकही आला, गुलाल लागलेल्या कपाळाने. भरती अकरा-साडेअकराची. हिराबाईंनी पाटी डोक्यावर घेतली. आत मासे नाहीत, पाहुणा. बांधाच्या अलीकडच्या टोकाला त्यांनी ती उतरवली आणि आडवी केली.

तो बाहेर आला. उडेल असं मला वाटलं होतं. तो चालत गेला. चार पावलं, थांबला, चिखलात एक टाका घातला, परत चार पावलं. असा चालत चालत थव्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. शेजारच्याने जरा सरकून जागा दिली.

तेवढ्यात वरून एक शिकारी पक्षी गेला आणि सगळा थवा उठला. पंखांचा असा आवाज, की छातीत घुमावा. आमचाही उठला. पण थवा वळला तेव्हा तो वळायला उशीर करत होता. थवा वर चढला, हा खालीच राहिला आणि सगळ्यांच्या आधी येऊन उतरला, चोच उघडी टाकून.

"उडतो तर खरा," सायली म्हणाली.

"खाडीवर उडायला हे पुरे," मी म्हणालो. "हिमालयाला नाही." घरी जायचं तिकीट मी आधीच एकदा पुढे ढकललं होतं, ते आता दुसऱ्या दिवसाचं होतं. ते मी त्याच बांधावर उभ्या उभ्या रद्द केलं.

वद्य पंचमी

आता रोज भरती पाऊण तासाने पुढे आणि आमची हजेरी तिच्या मागे. हळदीचा डाग लांबूनही ओळखू यायचा. प्रतिपदेला, गाव रंग खेळत असताना, संध्याकाळी एक मोठी टोळी निघून गेली. आमचा मागेच. तृतीयेला दुसरी टोळी गेली. त्या दिवशी तो चांगला उडत होता, थव्याच्या मधोमध. पण गेला नाही. ओहोटीला चरून चरून पोट मात्र गोल दिसायला लागलं होतं.

पंचमीला बांधावर पाणटिवळे उरले होते पन्नास-साठ. शेवटची टोळी, आणि आमचा तिच्यातच. हिच्याबरोबर नाही गेला तर त्याला एकट्याने जावं लागणार, आणि एकटं पाखरू तेवढी वाट काढत नाही, असं हिराबाईंचं ठाम मत. पाय अधू असलेलं तर नाहीच. त्या दिवशी त्या मासे विकायला गेल्याच नाहीत.

आमच्याकडे रंग पंचमीला खेळतात. सकाळी मंगळवेढ्याहून बायकोचा फोन आला होता. "सगळी गल्ली रंगलीय, तुम्ही कुठं आहात?" मी म्हणालो, "पाहुणा मार्गी लावतो आणि येतो." ती म्हणाली, "तो तरी वेळेवर जातोय का बघा."

पाचाचं पाऊण पावणेचार. भरती होऊन गेली. पाणी उतरायला लागलं तरी पाणटिवळे चरायला गेले नाहीत. तिथेच अस्वस्थ चुळबुळ, अंग झाडणं, आणि एकमेकांना सारख्या हाका. पाच वाजता ती टोळी उठली, एक घिरटी घातली आणि परत बसली. परत उठली, परत बसली. सायलीने दुर्बीण माझ्याकडे दिली, पण मी ती टोळीवर धरेपर्यंत टोळी दुसरीकडे गेलेली असायची.

तिसऱ्यांदा उठली ती वर वर चढत गेली. सूर्य आमच्या समोर, पाखरं नुसती काळी. कुठला डाग आणि कुठलं काय! टोळीची रेघ झाली, रेघेला मधे बाक आला, आणि ती खाडीवरून, कंटेनरच्या तटावरून, डोंगरांच्या दिशेने निघाली. हाका बारीक होत गेल्या.

"त्यात होता का?" सायलीने विचारलं.

हिराबाईंनी पदर खोचला आणि बांधावरून चालायला लागल्या. आम्ही बघत राहिलो. बांध बराच लांब आहे. त्या दर थोड्या अंतरावर थांबायच्या, कपाळावर हात धरून गवताच्या झुबक्यांमागे, दगडांच्या आडोशाला, पाण्याच्या कडेला बघायच्या आणि पुढे जायच्या. चिखल्या होत्या, तुतवार होते, ते त्यांच्या पुढे तुरुतुरु पळत होते. पार टोकाला गेल्या. तिथे एकदा वाकून खाली बघितलं आणि मग आमच्याकडे वळून दोन्ही हात वर केले.

"डॉक्टर!" तो तिसऱ्या मजल्यावर पोचणारा आवाज खाडीवरून आला. "एक पन नाय राह्यला! गेला, आपला पन गेला!"

धर्मादादांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. सायली रडत होती की हसत होती, ते मी बघितलं नाही, कारण माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. आणि त्रेसष्ट वर्षांचा गुरांचा डॉक्टर त्या रिकाम्या बांधाकडे बघून टाळ्या वाजवत राहिला.